लाल चिंधीचा तेरडा

रावेत,
२२ जुलै २०२४

रहिमानभाई यांस,
अकराव्या मजल्यावरून अंबूबाईचा नमस्कार.

तुमच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाठ साधीच निघाली, हे तुमच्या अजिमनं आमच्या समर्थला सांगितलं तेव्हा देवापुढं साखर ठेवली. पण डॉक्टरांनी तुम्हाला बोलायला बंदी केली हे ऐकून हसू आलं, खोटं कशाला सांगू? दापोडीच्या चाळीत आपण भिंतीला भिंत लावून एकतीस वर्षं राहिलो. तुमच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आता तुम्हाला फोनवर बोलता येत नाही आणि माझ्या बटणांच्या फोनवर मेसेज आला की नुसते चौकोन दिसतात. म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकले ते कधीतरी कामाला यायचंच होतं.

आता काम सांगते. आमच्याकडे गवर तेरड्याची असते हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या सासरची कोकणातली रीत. पाणवठ्याजवळ उगवलेला तेरडा स्वतःच्या हातानं मुळासकट उपटायचा, तोंडात पाण्याची गुळणी धरून न बोलता घरी आणायचा. दापोडीला नदीकाठी तेरडा मुबलक होता, तिथं आता भिंत झाली. गेली दोन वर्षं मी मंडईतून जुडी आणली. मुळं कापलेली! दोन वर्षं गवरीच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली.

यंदा सूनबाई म्हणाली, "आई, विकतचीच आणायची तर मग मुखवटेच आणू ना. उभ्या गौरी, मस्त साड्या नेसवू." समर्थची करिष्मा चांगली मुलगी आहे, चाकणच्या कंपनीत खरेदी खात्यात आहे, तिला सगळं विकत मिळतं असं वाटतं. मी ताठ्यात म्हणून बसले, "आमची गवर विकत मिळत नाही." तर ती म्हणते, "मग उगवत्या जागेवरून मुळासकट आणून दाखवा. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून मुखवटे. डील?" मीही डील म्हणाले. आमचे हे टीव्हीपुढं बसून हसत होते.

आता झाली पंचाईत. आमच्या सोसायटीत बाग आहे, पण तिथं एक गवताची काडी मनानं उगवली तर माळी तिला जगू देत नाही. तुमच्या भोसरीत कुठं ओल धरून तेरडा दिसतो का बघा. १० सप्टेंबरला गौरी येणार. घरातली रीत माझ्या हातून मोडली असं व्हायला नको, एवढीच काळजी आहे.

अंबूबाई

---

भोसरी,
१ ऑगस्ट २०२४

अंबूवहिनींना सलाम.

पत्र वाचून बरं वाटलं. घरात सगळे मला खाणाखुणा करून बोलतात. अहो, गळा माझा बिघडलाय, कान नाही. हे सुनेला पाटीवर लिहून दाखवलं तर तिनंही पाटीवरच उत्तर लिहिलं.

तुमचा तेरडा सापडला. शोधायला लांब जावं लागलं नाही. अजिमच्या वर्कशॉपमागं, शेडची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधल्या बोळात हात धुवायचा नळ आहे. तो चार वर्षं ठिबकतोय. अजिमला मी चार वर्षं सांगतोय की वॉशर बदल. पोरानं बापाचं ऐकलं नाही म्हणून तुमची गवर उगवली, असा हिशेब आहे.

पण मी एकतीस वर्षं इंजिनाच्या कारखान्यात माल तपासला. नुसतं "तेरडा आहे" म्हणून मी सही करणार नाही. मापाचा व्हर्नियर घेऊन बसलो. रिपोर्ट असा:

उंची, सर्वांत मोठ्या रोपाची, ५८० मिलिमीटर. खोड बुडाशी १४. हिरवट-लालसर, पाण्यानं भरलेलं, उन्हात धरलं तर आरपार दिसतं. जागोजागी गाठी, प्रत्येक गाठ खोडापेक्षा दीड मिलिमीटरनं फुगीर. पान भाल्याच्या पात्यासारखं, कडेला करवतीचे दाते. एका पानाचे मोजले, एका बाजूला तेवीस. फूल पानाच्या बगलेत, एकेकटं किंवा जोडीनं, खाली मान घालून. रंग गुलाबी. पाकळ्या वरवर तीन दिसतात, नीट पाहिलं तर पाच आहेत, खालच्या दोन-दोन जोडलेल्या. वेल्डिंग इतकं सफाईदार की जोड दिसत नाही.

आणि मागं एक बारीक वाकडी शेपटी आहे, १७ मिलिमीटर. ती कशाला, हे कळेना. खुर्ची टाकून अर्धा दिवस बसलो. एक फुलपाखरू आलं, लांब सोंड काढली आणि थेट शेपटीच्या टोकापर्यंत घातली. मध तिथं ठेवलेला असतो. ज्याची सोंड पुरेल त्यानंच प्यावा. उत्तम डिझाइन आहे, वहिनी. आमच्या कारखान्यात असलं एकानंही काढलं नाही.

एकूण रोपं अकरा. हाच तुमचा तेरडा ना? कळवा.

रहिमान

---

रावेत,
९ ऑगस्ट २०२४

रहिमानभाई,

तेरडा मागितला तर तुम्ही इंजिनाचा नकाशा पाठवलात! पण हो, हाच. कुंडीतला तेरडा गुलाबासारखा भरगच्च असतो, तो आपला नाही. आपला साधा, एकेरी. समर्थला पत्र वाचून दाखवलं, तो म्हणाला काकांना पुन्हा नोकरी द्यायला पाहिजे. करिष्मानं मात्र शेपटीचं वाक्य दोनदा वाचून घेतलं.

आता एक करा. आमच्याकडे गवरीची रोपं आधी हेरून ठेवतात, त्यांना लाल चिंधी बांधतात. म्हणजे ती देवाची झाली, त्यांना दुसरं कुणी हात लावत नाही. मी तिथं नाही, तेव्हा माझ्या वतीनं तुम्ही बांधा. दोरा नको, खोड कोवळं असतं, कापतं.

तुमची शमीम असती तर हे सगळं सांगावं लागलं नसतं. आठवतं ना? मी गुळणी धरून पुढं आणि ती माझ्या मागं. कुणी वाटेत काही विचारलं की उत्तर शमीम देणार. चाळीच्या दारात बायका विचारायच्या, "कोण आली?" माझं तोंड बंद. मग शमीम ठणकावून सांगायची, "गवर आली!" "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी!" सगळ्या चाळीला ऐकू जायचं. ती जाऊन तीन वर्षं होतील. गुळणी मला अजून धरता येते, पण माझ्या वतीनं बोलणारी गेली. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही, तुम्हाला सांगते.

आणि पथ्य पाळा. गप्प राहा.

अंबूबाई

---

भोसरी,
२० ऑगस्ट २०२४

अंबूवहिनी,

अकराही रोपांना चिंध्या बांधल्या. शमीमच्या जुन्या लाल ओढणीच्या आहेत. ती ओढणी मी कशासाठी ठेवली होती ते मलाही माहीत नव्हतं, आता कळलं.

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हणही तपासून घेतली. एका कळीखाली शाईची खूण केली. सोमवारी सकाळी उमलली, बुधवारी संध्याकाळी गळली. म्हण टॉलरन्समध्ये, चालण्याजोग्या फरकात, बसते.

आता शेंगांची गोष्ट. पहिल्या फुलांच्या शेंगा धरल्यात, लवदार, दोन्हीकडे निमुळत्या. लांबी घ्यायला व्हर्नियरचे जबडे लावले, तर शेंग हातात फुटली! पाच पट्ट्या झाल्या आणि स्प्रिंगसारख्या आत गुंडाळल्या, बिया माझ्या चष्म्यावर. दुसरी लावली, तीही फुटली. सात शेंगा मोजायला घेतल्या, एकीचंही माप मिळालं नाही. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मग लांबी सोडली आणि बी किती लांब उडतं ते मोजलं. साडेसहा फूट. शेवटचं बी चिमाजीच्या चहात पडलं. चिमाजी म्हणजे इथला साफसफाईचा माणूस, वीस वर्षं आहे, सांगितलेलं काम तंतोतंत करणारा. त्यानं चहा ओतून दिला.

पाच पिकत आलेल्या शेंगा काडेपेटीत घालून सोबत पाठवतोय, सुनेला दाखवा.

अजिम घाईत आहे. २९ तारखेला चाकणच्या मोठ्या कंपनीचे लोक त्याचं वर्कशॉप तपासायला येणार. जमिनीवर पिवळे पट्टे मारणं चालू आहे. मलाही एक पट्टा मारतील असं वाटतं.

रहिमान

---

रावेत,
२७ ऑगस्ट २०२४

रहिमानभाई,

तुमची काडेपेटी पोचली. समर्थनं बाल्कनीत उभं राहून उघडली आणि "आई गं!" म्हणून किंचाळला. एकच शेंग शाबूत राहिली होती, ती त्याच्या नाकाखाली फुटली. बिया कुठं गेल्या देव जाणे. करिष्मा इतकी हसली की तिचा ऑफिसचा फोन तसाच वाजत राहिला.

येत्या मंगळवारी, ३ तारखेला, मी आणि करिष्मा रोपं बघायला येतो. डील आहे ना, तिला आधी जागा बघायची आहे. खरेदी खात्यातली माणसं!

अंबूबाई

---

भोसरी,
३१ ऑगस्ट २०२४

अंबूवहिनी,

३ तारखेला येऊ नका. इथं फार चिखल आहे, तुमचे गुडघे आहेत. शिवाय रंगाचा वास आहे. शिवाय गवर आणण्याआधी तिला बघून ठेवू नये असं शमीम म्हणायची, असं मला आठवतं.

तेरडा ठीक आहे. १० तारखेला दुपारी या. त्याआधी नको.

अजिमचं वर्कशॉप पास झालं. साफसफाईची खास तारीफ झाली.

रहिमान

---

रावेत,
१४ सप्टेंबर २०२४

रहिमानभाई यांस,

परवा गौरींना निरोप दिला, आज जरा बसायला मिळालं. त्या दिवशी माझ्या तोंडात पाणी आणि तुमच्या गळ्यावर बंदी. आता जे बोलायचं राहिलं ते सगळं लिहिते. निवांत बसून वाचा.

पहिलं. शमीमनं असलं काही म्हटलं नव्हतं. ती आणि मी आठ दिवस आधीपासून नदीवर तेरडा बघायला जायचो.

दुसरं. तुमच्या बोळात मी गुळणी भरली, पहिल्या रोपाला हात घातला आणि ते लोण्यातून सुरी यावी तसं वर आलं. रहिमानभाई, तेरडा उपटायला सोपा असतो, पण इतका नसतो! खालची जुनी मुळं तुटलेली. आणि त्याच्या वर, गाठीगाठींतून पांढरी शुभ्र नवी मुळं, पेरभर. माती भुसभुशीत, कालपरवा दाबलेली. पत्रात अकरा रोपं लिहिली होती, निघाली सात. लाल चिंधी एकालाही नाही. मी वळून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आभाळाकडे पाहत होता. तो चिमाजी तर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला इतकं विचारायचं होतं, इतकं विचारायचं होतं, आणि तोंडात पाणी! तुम्ही एकतीस वर्षं माल तपासलात, तर मी चाळीस वर्षं तेरडा उपटलाय. एकदा उपटून पुन्हा लावलेला तेरडा मला ओळखू येणार नाही होय?

तिसरं. दापोडीला नदीपासून चाळ दहा मिनिटं होती. भोसरी ते रावेत एक तास लागला. नाशिक फाट्याला मला शिंक आली. ती मी कशी परतवली ते माझं मला माहीत. त्यात करिष्मा गाडी चालवताना विचारते, "आई, लेफ्ट घेऊ का राइट?" मागच्या सीटवर तुम्ही बादली मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दोन्हीकडे दाखवत होता.

पण खरं लिहायचं ते पुढंच आहे. सोसायटीच्या गेटवर आमचा वॉचमन भिमाजी वही घेऊन आला. नियमाप्रमाणं त्यानं खिडकीत वाकून विचारलं, "कोण आलंय?" करिष्मा "गेस्ट" म्हणायला तोंड उघडत होती. तेवढ्यात मागून घोगरा, फाटका आवाज आला, "गवर आली."

मला आधी कळलंच नाही तो आवाज कुणाचा. भिमाजीनं बादलीतला तेरडा पाहिला. तो मावळातला म्हातारा, वही बगलेत मारली, टोपी काढली आणि म्हणाला, "व्हय का! कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी," तुम्ही म्हणालात.

त्यानं दांडा वर केला, वहीत नाव लिहिलंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातलं मात्र मी सांडू दिलं नाही.

आता राहिलं डील. करिष्माला मुळं दिसली, तिनं हार मानली. तिला आतलं काही कळलं नाही. मी दोन दिवस विचार केला की सांगावं का, हे पाप तर नाही ना. मग गौरीपुढं बसून मला वाटलं, अंबूबाई, तुला तरी कोकणातून उपटून दापोडीत लावलं आणि दापोडीतून उपटून इथं. तू मेलीस का? मग या रोपांनीच काय घोडं मारलंय? गाठीगाठीला मुळं फुटली आणि ती उभी राहिली, माझ्या हिशेबी ती मुळासकटच आली. करिष्माला मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, डील तुम्हीच जिंकलात."

पण झालं काय होतं ते आता मुकाट्यानं लिहा.

अंबूबाई

---

भोसरी,
२० सप्टेंबर २०२४

अंबूवहिनी,

लिहितो, पण अजिमला दाखवू नका.

एकतीस वर्षं मी खराब मालाला लाल पट्टी बांधत आलो. लाल म्हणजे रिजेक्ट, उचला आणि भंगारात टाका. हिरवी म्हणजे पास. भोसरीत हे शेंबडं पोर सांगेल. आणि मीच माझ्या हातानं तुमच्या अकरा गवरींना लाल चिंध्या बांधल्या! तपासणीच्या आदल्या दिवशी अजिमनं चिमाजीला सांगितलं, "लाल निशाणी दिसेल ते सगळं उचलून भंगाराच्या पेटीत टाक." चिमाजीनं टाकलं. बोळ झाडून पुसून लख्ख केला. तारीफ झाली ती त्याच बोळाची.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. लेथच्या लोखंडी किसाखाली अकरा रोपं पडलेली, पानं ओल्या फडक्यासारखी. मी तिथं खाली बसलो, वहिनी. ओढणीच्या चिंध्या सोडवून घेतल्या. खोडं दाबून पाहिली, अजून पाणी होतं त्यांत. धुऊन बादलीत उभी केली, सावलीत ठेवली. चौथ्या दिवशी पानांनी मान वर काढली. आठव्या दिवशी फुगीर गाठींतून पांढरे ठिपके निघाले. गाठी मी मोजल्या होत्या, पण त्या कशासाठी असतात ते तेव्हा कळलं. चार गेली, सात जगली. ८ तारखेला मी आणि चिमाजीनं ती बोळात परत लावली. खोटं बोललो, माफ करा. रीत मोडली असती तर ती माझ्या हातानं मोडली असती आणि तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आणखी एक खोटं आहे. डॉक्टरांनी मला ऑगस्टच्या सुरुवातीलाच बोलायला सांगितलं होतं. मीच बोललो नाही. आवाज कसा निघेल याची भीती वाटायची. आणि शमीम गेल्यापासून मी बडबड करत होतो ती नुसती घर भरायला. गप्प बसल्यावर वाटलं, आता पुन्हा सुरू कशाला करायचं? गेटवर त्यानं "कोण आलंय" म्हणून विचारलं तेव्हा मी ठरवून काही बोललो नाही. तुमचं तोंड बंद, आणि उत्तर द्यायला ती नाही. निघून गेलं तोंडातून.

डॉक्टर म्हणाले, आवाज थोडा घोगरा राहील. मी म्हटलं, चालेल.

रहिमान

---

रावेत,
६ जुलै २०२५

रहिमानकाका,

मी करिष्मा. आईंनी हे पत्र मलाच लिहायला लावलंय. म्हणाल्या, "बातमी तुझी आहे, तूच लिही." मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका पोटात घाला.

आमच्या बाल्कनीत एसीच्या पाण्याचा पाइप एका जुन्या टबमध्ये सोडलाय. त्यात थोडी माती होती. काल टब रिकामा करायला गेले तर त्यात नऊ रोपं! पानांना करवतीसारखी कड, खोड आरपार दिसतं. समर्थच्या नाकाखाली शेंग फुटली होती ना, त्या बिया गेल्या होत्या कुठं ते आता कळलं. मी वर्षभर तो टब फेकून द्यायचा म्हणत होते. आईंनी हात जोडले आणि मग तासभर फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. उंची मोजली आहे, सर्वांत मोठं ११० मिलिमीटर. तुमचा व्हर्नियर घेऊन या आणि तपासा. चिंधी अजून बांधलेली नाही. कुठल्या रंगाची बांधायची ते तुम्ही दोघं आधी ठरवा.

यंदा गौरी ३१ ऑगस्टला, रविवारी येतात. आईंचे गुडघे फार दुखतात. म्हणून गुळणी या वर्षी मी धरणार आहे. टब खाली गेटपाशी नेऊन ठेवू, तिथून रोपं उपटून मी चालत वर येईन. भिमाजीकाकांनी प्रश्न विचारायचं कबूल केलंय.

माझं तोंड बंद असेल. माझ्या वतीनं बोलायला तुम्ही या.

करिष्मा